बसलेले शिपाई

मेलेला शिपाई भूमिकानं उचलला, त्याचे दोन्ही पाय कमरेतून पुढं वळवले आणि तो जिथं पडला होता तिथंच त्याला बसवलं. त्याला पेटीच्या झाकणात टाकायला मी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. "असं न्हवं," मी म्हणालो, "मेला की बाहेर काढायचा. खेळातनं गेला त्यो." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मेलेले बसतात की," ती म्हणाली आणि फासा माझ्यापुढं सरकवला. मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि जवाहरनगरातल्या आमच्या फ्लॅटचा पंखा गरम हवाच इकडची तिकडं करत होता. संघप्रिया, माझी बायको, मिरच्यांचं पोतं घेऊन चटणी कांडून आणायला डंकावर गेली होती. घरात मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी, दोघंच. माझी पाळी होती, पण फासा उचलायला हात वळेना. नऊ महिन्यांपूर्वी माझे वडील वारले, तेव्हा त्यांना बसवलं होतं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात, त्यात नवल काही नाही. पण माझ्या वडिलांना बसवलेलं माझ्या मुलीनं बघितलं होतं आणि मी बघितलं नव्हतं. मी तिथंच होतो, शंभर पावलांवर, तरी बघितलं नव्हतं, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. फासा उचलून मी टाकला. दोन पडले. दोनला काहीच होत नाही, असा नियम मीच केला होता.

खेळ आमचा दोघांचाच. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची ती पेटी संघप्रियानं भूमिकाला वाढदिवसाला आणलेली. त्यात तांबडे-निळे ठोकळे, एक हिरवा पाट आणि बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं. चार दिवस हिनं घरं बांधली, मोडली, आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "पप्पा, घरात काय मजा न्हाय. लढाई करूया." मी म्हटलं, करूया. वाटलं, दहा मिनिटांत कंटाळेल. पण खरं सांगायचं तर पोरीपेक्षा मलाच त्याचा नाद लागला. मी पॅटर्नमेकर आहे. उद्यमनगरात एका फौंड्रीसाठी लाकडाचे नमुने करतो. नमुना वाळूत दाबायचा, त्याचा साचा होतो, साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा, की लोखंडाचा तोच भाग तयार. आता निम्मं काम मशीनच करतं, पण हाताला वळण पडलंय ते पडलंय. कुठलीही वस्तू बघितली की ती कशी सुटी होईल आणि कशी बसेल हेच मला आधी दिसतं. तर आम्ही दोन्हीकडं आठ-आठ शिपाई घेतले. दोन टोकांना दोन किल्ले, मधून निळ्या ठोकळ्यांची नदी, नदीवर एक पूल. तलवारवाल्यानं शेजारी जाऊन मारायचं, तिरंदाजानं लांबून. फाशावर चार, पाच, सहा पडले तर समोरचा मेला. तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी नियम लिहीत गेलो आणि ती खोडत गेली.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. कोण किती चालतो हे आम्ही पट्टीनं मोजत होतो, मी माझ्या पट्टीनं, ती शाळेतल्या पट्टीनं. माझे तलवारवाले पोचत होते आणि तिचे प्रत्येक वेळी केसभर मागं राहत होते. तिला संशय आला. दोन्ही पट्ट्या तिनं एकमेकींना लावून बघितल्या आणि घर डोक्यावर घेतलं. "आई, पप्पांची पट्टी खोटी हाय! ह्यांचा सेंटिमीटर मोठा हाय!" खोटी होतीच ती. आमच्या धंद्यातली पट्टी खोटीच असते. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीवरच्या रेघाच थोड्या लांब-लांब मारलेल्या असतात. वीस वर्षं मी त्याच पट्टीनं जग मोजत आलोय. ती वेगळी आहे हे माझ्या ध्यानातूनच गेलं होतं. संघप्रिया स्वयंपाकघरातून म्हणाली, "तरीच. भाजी आणायला पाठवला की ह्याचं पाव किलो अर्धा किलो कसं हुतंय ते आज कळालं." मग आम्ही पट्ट्याच बाद केल्या. ठोकळ्यांवर जे गोल उंचवटे असतात त्यांना भूमिका टिकल्या म्हणते. चालायचं ते चार टिकल्या. त्यात कुणाला लबाडी करता येत नाही.

ती पट्टी अप्पांची. अप्पा म्हणजे माझे वडील, अण्णाप्पा. मी पाच वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा मला मामाकडं ठेवलं होतं. परत आलो तर घरात अप्पा एकटेच चुलीपुढं बसून भाकरी थापायला शिकत होते. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. शाळा सुटली की मी सरळ उद्यमनगरातल्या त्यांच्या कामाच्या खोलीवर जायचो. सागवानाच्या ढलप्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचो आणि तिथंच झोपायचो. ते मला उचलून सायकलच्या दांड्यावर बसवायचे तेव्हा मी जागा असायचो, पण डोळे मिटून ठेवायचो, कारण जागा आहे हे कळलं असतं तर त्यांनी चालायला लावलं असतं. मोठा झाल्यावर त्यांनी मला हाताखाली घेतलं. पॉलिश पेपर मारलेल्या लाकडावरून बोट फिरवायला लावायचे, डोळे मिटून. "डोळं फसवत्यात अमरेश, बोट फसवत न्हाय," म्हणायचे. माझ्या हातावर त्यांचा हात असायचा, खरखरीत आणि गरम. एवढं प्रेम करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. हे मी कधी कुणाला म्हणालो नाही, कारण पुढं जे झालं त्यानंतर ते म्हणायचा हक्क मला राहिला नव्हता.

भूमिकाचा तिरंदाज पुलावर आला. मी त्याला मारलं. ती त्याचे पाय वळवून त्याला बसवून मोकळी झाली. मग तिनं माझा एक मारला, त्यालाही तिथंच बसवलं. तिसऱ्यानंतर पूल बंद झाला. तीन टिकल्या रुंदीचा पूल, त्यावर तिघं मांडीला मांडी लावून बसलेले. "आता घोडं अडलं की," मी म्हणालो. "जायचं कुठनं?"

"वळसा घालून जावा."

"वळसा घालायला नदी हाय खाली."

"मग थांबा."

"अगं भूमी, खेळ पुढं सरकला पायजे का नको? ह्यांना उचल, म्हणजे वाट हुईल."

"त्यांना उचलायचं न्हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हनुवटी पुढं आली होती. ती हनुवटी आमच्या घराण्याची आहे. "तुमचे पायजे तर झोपवा. आईकडच्यांना झोपवतात. पण हलवायचं न्हाय कुणाला. आणि डब्यात तर टाकायचंच न्हाय."

खेळ बिघडत होता. कुठल्याही खेळात मेलेला बाजूला होतो म्हणून जिवंताला वाट मिळते, हे मला तिला समजावून सांगायचं होतं. पाट भरत गेला तर शेवटी हलायलाच जागा उरणार नाही. हे सगळं मी मनात नीट जुळवलं आणि बोललो काहीच नाही, कारण बोललो असतो तर ती म्हणाली असती, तुम्हीच बघितलंय की. अज्जांना त्या दिवशी कुणी हलवलं का? नऊ महिने मी ह्या एकाच गोष्टीला चुकवत आलोय. ती अज्जांचा विषय काढते तेव्हा मी चहा टाकायला उठतो. आत्याचा फोन आला की गाडीला पाणी मारायला खाली जातो. आमची गाडी सगळ्या सोसायटीत स्वच्छ आहे.

संघप्रिया बौद्ध. आमची ओळख रक्त तपासायच्या लॅबमध्ये झाली, ती तिथं काम करायची आणि मला कावीळ झाली होती. तीन वर्षांनी मी अप्पांना सांगितलं. बसवण्णांच्या तसबिरीखाली बसले होते, हातातलं वर्तमानपत्र त्यांनी घडी घालून बाजूला ठेवलं. आरडाओरडा केला नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. कोल्हापुरी माणूस ओरडला की अर्धा राग तिथंच जातो. ते हळू बोलले. "कर. पण मग माझं तोंड बघायचं न्हाय. मेल्यावरसुद्धा बघायचं न्हाय." मीही त्यांचाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसले आम्ही दोघं. मी म्हणालो, न्हाय बघणार. रजिस्टर लग्न केलं. त्यांनी उद्यमनगरातली खोली सोडली आणि मुरगूडला शेतावर जाऊन राहिले. जाताना खोलीची किल्ली आणि सगळी हत्यारं शेजारच्या दुकानात माझ्या नावानं ठेवून गेले. त्यात ती पट्टी होती. म्हणजे पोटाला लागेल ते दिलं आणि तोंड फिरवलं. अकरा वर्षं. भूमिका झाली तेव्हा गौराबाई आत्यानं, अप्पांच्या बहिणीनं, त्यांना फोटो दाखवला होता. बराच वेळ बघत होते, एवढंच तिनं सांगितलं.

श्रावणात आत्याचाच फोन आला. अण्णा गेला, या. आम्ही तिघं गाडीनं निघालो. गावातल्या घरी गेलोच नाही, सरळ शेताच्या रस्त्याला गाडी घातली. तिथं पोचलो तर लोक जमले होते, भजन चाललं होतं, टाळ ऐकू येत होते. ऊस डोक्याच्या वर गेला होता, त्यामुळं दिसत काही नव्हतं, नुसती ज्या पालखीत बसवून आणतात त्या विमानाला बांधलेल्या केळीच्या पानांची टोकं हलताना दिसत होती. संघप्रिया भूमिकाचा हात धरून उतरली. मी म्हणालो, "तू जाणार?" तर म्हणाली, "मला कुठं न्हाय म्हणालेत? माझ्याशी बोललेत कुठं कधी?" आणि चपला हातात घेऊन चिखलातून बांधाबांधानं गेलीसुद्धा. मी म्हणालो, गाडी लावून आलो. गाडी लावलेलीच होती. मी दार उघडलं, लावलं, काच पुसली. मी तोंड बघू नये असं ज्यानं सांगितलं होतं तो आता काही म्हणणार नव्हता, ते मागं घेणारही नव्हता. आयुष्यात त्यांचं मी एवढं एकच ऐकलं असेल, आणि तेच ऐकायला नको होतं. सायकलवरून एक म्हातारा आला, ओळखीचा नव्हता, पाय टेकून थांबला. "पावणं," म्हणाला, "हितं का उभं? जावा की आत. चांगला माणूस हुता." मी म्हणालो, व्हय, जातो. माझ्याच शेताच्या कडेला उभं राहून मी पावणा झालो होतो. मग टाळ थांबले आणि पुष्कळ माणसं एकदम गप्प झाली. माती पडते त्याचा आवाज तेवढ्या लांब येत नाही, पण मला तो आला. बायको आणि मुलगी परत आल्या तेव्हा मी गाडी चालू करून बसलो होतो. संघप्रियानं पायाचा चिखल दगडाला पुसला आणि पाणी मागितलं.

"पप्पा, पाळी तुमची," भूमिका म्हणाली. मी एक शिपाई असाच पुढं ढकलला. तिनं त्याला मारला. पूल बंद होता तरी तिरंदाज लांबून मारतच होते; आता नऊ बसले होते, पाच माझे, चार तिचे, आणि उभे राहिलेल्यांना खरोखरच हलायला जागा नव्हती. तिनं दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून पाट बघितला. "नियम लिहायचा राहिलाय एक," ती म्हणाली आणि वही ओढली. "बसलेल्यांचं तोंड कुणीकडं करायचं? आता कोण कुणीकडं पण बघालंय. वाईट दिसतंय." मी म्हणालो, बसू देत जसे बसलेत तसे. "न्हाय. एकीकडंच पायजे. अज्जांचं कुणीकडं हुतं? खड्ड्यात बसवलं तवा?" मी फासा बोटांत फिरवत राहिलो. "मी हुतो की तिथं, पण मला नीट दिसलं न्हाय." कोल्हापूरच्या पोरी स्वतःला आलो-गेलोच म्हणतात, तशी ती म्हणते. "माझ्यापुढं एक जाडे मामा हुते, त्यांच्या हाताच्या खालनं मला अज्जांचा फेटा आणि इभूत तेवढी दिसली. तुम्ही उंच हायसा. तुम्ही मागं हुतासा न्हवं? मागनं दिसलं असंल तुम्हाला."

पेन तिनं उघडून धरलं होतं. पूर्वेला, असं म्हणून मोकळं व्हायचं होतं. कुणी पूर्वेला करतात, कुणी उत्तरेला, काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण ती ते लिहून घेणार होती. अकरावा नियम, शाईनं. आणि पुढं कधीही खेळायला बसलो की माझ्या थापेकडं तोंड करून ही सगळी माणसं बसणार होती.

"मी बघितलं न्हाय, भूमी," मी म्हणालो.

"गर्दी हुती म्हणून?"

किती सहज तिनं मला वाट काढून दिली होती. नुसतं व्हय म्हणायचं होतं. "न्हाय. मी आत आलोच न्हवतो. रस्त्यावर गाडीपाशीच उभा हुतो."

"का?"

"त्यांनी सांगितलं हुतं. माझं तोंड बघायचं न्हाय म्हणून. मेल्यावरपण."

"कधी सांगितलेलं?"

"तू व्हायच्या आधी."

तिनं मनात वर्षं मोजली असावीत, कारण तिचे ओठ हलले. मग कपाळाला आठी घालून ती म्हणाली, "मग ते विसरले असतील की, पप्पा. एवढ्या दिवसाचं कोण ध्यानात ठेवतंय?"

मला हसू आलं आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ जे आलं ते मला आवरलं नाही. वडील गेल्यापासून मी रडलो नव्हतो. आता पोरीपुढं, ठोकळ्यांपुढं, हात गुडघ्यांवर ठेवून मी रडलो, आवाज करून रडलो. भूमिका घाबरली नाही. तिनं आधी पेनाला टोपण लावलं. मग पाट हलू नये म्हणून बेतानं गुडघ्यांवर सरकत माझ्या बाजूला आली आणि माझ्या हातावर हात ठेवून बसली. तिचा तळवा घामेजला होता आणि त्यावर शाईचा डाग होता. "आईला विचारूया," ती म्हणाली. "आईला दिसलं असंल. आई पुढं हुती."

संघप्रिया आली ती शिंकतच. कमरेवर चटणीचा डबा, नाकावर पदर, डोळे लालभडक. दार पायानं ढकलून ती उंबऱ्यातच थांबली, कारण भूमिकानं तिला पुढं येऊच दिलं नाही. "आई, खड्ड्यात अज्जांचं तोंड कुणीकडं हुतं गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पाटाकडं, त्यावर बसलेल्या सगळ्यांकडं. डबा तिनं एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला.

"पूर्वेला करायचं हुतं," ती म्हणाली. "पण खणताना त्या अंगाला खडक लागला. मग उत्तरेला केलं. रस्त्याकडं."

"रस्त्याकडं?" मी विचारलं.

"व्हय." ती हळू बोलत होती, लेकराला औषध पाजताना बोलते तशी. "मधी नुस्ता ऊस हुता, अमरेश."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि नऊ महिने ती माझी स्वच्छ गाडी बघत आली होती. एवढं बोलून ती आत गेली. बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग शिंक, मग नळ. भूमिकानं वहीत लिहिलं, बसलेल्यांचं तोंड रस्त्याकडं. लिहून झाल्यावर तिला शंका आली. "पण ह्यात रस्ता कुठाय?"

मी पाटाकडं बघितलं. तिकडं तिचा किल्ला, इकडं माझा, मध्ये नदी आणि बंद झालेला पूल. रस्ता आम्ही केलाच नव्हता. मी माझ्या गुडघ्यापुढच्या कडेवर, जिथं पाट संपून फरशी लागत होती तिथं, बोट ठेवलं. "हितं," मी म्हणालो.

ती परत तिच्या जागेवर गेली आणि कामाला लागली. एकेकाला उचलायची, फिरवायची, पुन्हा त्याच टिकल्यांवर दाबून बसवायची. आधी पुलावरचे तिघं, मग किल्ल्याजवळचे, माझे आणि तिचे, दोन्हीकडचे. नऊही जण माझ्याकडं तोंड करून बसले. मी पुढं वाकलो आणि एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं.